गर्दवरची ट्रीटमेंट : कुणाला कोणती, आणि ठरवतं कोण?

या वेळच्या मेसेजमध्ये दारूचे प्रश्न नेहमीसारखे आहेतच, पण काही जणांनी ब्राउन शुगरबद्दल विचारलंय, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणतो ते हेरॉइन. मराठवाड्यात दारू, बटन गोळ्या (नशेसाठी घेतात त्या झोपेच्या गोळ्या), खोकल्याचं सिरप हेच जास्त दिसतं. गर्दवाला पेशंट बऱ्याचदा पुण्या-मुंबईला शिकायला नाहीतर कामाला गेलेला असतो आणि तिकडूनच ते लावून घेऊन येतो, मग इथं घरच्यांना काही सुधरत नाही आणि जो भेटेल तो नवीनच सल्ला देऊन जातो. म्हणून हा अंक गर्दलाच. नावं छापत नाही, काळजी करू नका.

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. लेकरू २६ वर्षाचं आहे, इंजिनिअर, पुण्यात कंपनीत होता. दीड वर्षापासून पन्नीवर पावडर ओढतो हे आत्ता कळालं. गावाकडं आणलं तर चार-पाच दिवस नुसता तडफडत होता, जुलाब, नाक गळणं, रात्रभर पाय झाडणं. आता बारा दिवस झाले, बरा दिसूलालाय. पुण्याच्या डॉक्टरनी जिभेखालची गोळी सांगितली होती, इथल्या डॉक्टरनी नाल्ट्रेक्सोन सांगितली. साडू म्हणतात सहा महिने सेंटरला टाका, तिथं फोन पण देत नाहीत. आमची मंडळी म्हणते लग्न लावून द्या, सुधारेल. काहीच कळंना झालंय. पैशाचं सोडा, जमीन विकू, पण बेस्ट कोणतं ते सांगा. — एक वडील, लातूर जिल्हा

उत्तर : काका, पहिले तर जमीन विकायची नाही. ही औषधं एवढी महाग नसतात, सरकारी सेंटरवर तर फुकट मिळतात, जमीन जाते ती एसी रूमवाल्या सेंटरच्या पायी. आणि बेस्ट कोणतं ते नुसतं औषधाच्या नावावरून सांगता येत नाही, त्यासाठी तुमच्या घरचं सगळं माहीत पाहिजे.

आधी औषधं समजून घ्या. हेरॉइन मेंदूत जिथं जाऊन बसतं ती एक खुर्ची धरा. मेथाडोन त्या खुर्चीवर पूर्ण बसतं पण सावकाश, दिवसभर बसून राहतं, त्यामुळे टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावरची तडफड, लागत नाही आणि डोस नीट बसला की किकही येत नाही. ब्यूप्रेनॉर्फिन, म्हणजे पुण्याच्या डॉक्टरांची जिभेखालची गोळी, ते अर्धवट बसतं पण खुर्ची लवकर सोडत नाही, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी असर वाढत नाही म्हणून ओव्हरडोसचा धोका बराच कमी. नाल्ट्रेक्सोन खुर्ची नुसती अडवून ठेवतं, स्वतः काहीच देत नाही, वरून गर्द ओढली तरी नशा चढत नाही. मेथाडोन भारतात २०१२ पासून आहे पण मोजक्याच सेंटरला, त्यामुळे तुमच्यासाठी खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

आता मला सांगा, तो पुण्याला परत जाणार का? नोकरी अजून आहे का गेली? रोज सकाळी गोळी हातात देऊन गिळेपर्यंत समोर उभं राहणारं माणूस घरात आहे का, आणि तसं केलेलं मुलाला चालेल का? मानसोपचार विभाग असलेलं हॉस्पिटल गावापासून किती लांब आहे? बटन गोळ्या किंवा दारू सोबत घेत होता का? यांची उत्तरं आली की अर्धं काम होतं.

तो इथंच राहणार असेल, स्वतःला सोडायची इच्छा असेल आणि तुम्ही रोज गोळी देणार असाल तर तुमच्या इथल्या डॉक्टरचा सल्ला अगदीच चूक म्हणता येणार नाही. नाल्ट्रेक्सोनची खोड अशी आहे की एकट्या माणसाच्या हातात दिली की बहुतेक जण ती बंदच करतात, कारण तिच्यात ओढ नाही, चुकवली तर अंगाला काहीच होत नाही. पण घरचं माणूस देणारं असेल तर चित्र बदलतं. रशियात व्यसनाच्या उपचारासाठी मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन दोन्हींवर कायद्यानं बंदी आहे, तिथल्या डॉक्टरांकडं नाल्ट्रेक्सोनशिवाय फार काही नव्हतंच, आणि तिथं त्यांना दिसलं की तरुण पेशंट आई-बापाजवळ राहणारे होते, आई रोज गोळी द्यायची, त्यामुळे साध्या गोळीचाही बऱ्यापैकी उपयोग झाला. हे वाचलं की मला आपली खटल्याची घरं आठवतात. अट एकच, शेवटचं गर्द घेऊन सात ते दहा दिवस झालेले पाहिजेत, आणि लघवीची तपासणी करूनच सुरुवात. बारा दिवस झालेत म्हणता म्हणजे तो टप्पा जवळपास पार पडलाय. हे दिवस गर्दशिवाय काढता आले नाहीत तर तिथंच गाडं अडतं. अमेरिकेत २०१८ साली ५७० पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला, नाल्ट्रेक्सोनचं महिन्याचं इंजेक्शन विरुद्ध ब्यूप्रेनॉर्फिन. ब्यूप्रेनॉर्फिन ज्यांना द्यायचं ठरलं त्यातल्या ९४ टक्क्यांना ते सुरू करता आलं, इंजेक्शनवाल्यांत मात्र ७२ टक्क्यांनाच. सुरू झाल्यावर मग दोन्ही जवळपास सारखीच चालली.

पण तो महिन्याभरात पुण्याला परत जाणार असेल, रूमवर एकटा राहणार असेल, तर मी ब्यूप्रेनॉर्फिनच म्हणेन, आणि तेही पुण्यातल्याच सेंटरवरून, कारण ही गोळी कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही, नशामुक्तीची मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळते. लातूरचा कागद पुण्यात दाखवून भागणार नाही, जायच्या आधी तिकडची सोय लावा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. गावाकडं आणल्यावर तो बरा दिसतोय हे खोटं नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉइनला लागले होते, ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परत आलेल्यांचा पाठपुरावा केला, तर तिकडं व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या दहा महिन्यांत शंभरातले पाचच जण घरी येऊन पुन्हा अडकले. ती जागा, ते दोस्त, तो सहज मिळणारा माल, सगळं मागं राहिलं होतं. पण ते सैनिक कायमचे घरी आले, तुमचा मुलगा त्याच रूमवर परत जाणार आहे. आणि बारा-पंधरा दिवस बंद ठेवल्यावर अंगाची सवय उतरते, मग त्यानं पूर्वीएवढीच पुडी ओढली तर श्वास बंद पडू शकतो. गर्दवाले मरतात ते बऱ्याचदा असे, सुटल्यानंतर, सेंटरमधून नाहीतर जेलमधून बाहेर आल्यावर. टर्कीत सहसा मरत नाहीत. म्हणून 'आता सुटलाय' म्हणून गोळीशिवाय पाठवायचं नाही, हे साडूंनाही सांगा. सहा महिने कोंडून कुठलंच औषध न देता बाहेर सोडलेला मुलगा पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

लग्नाचं : नाही. त्या पोरीनं काय घोडं मारलंय कुणाचं?

प्रश्न : एसटी स्टँडवर 'न सांगता दारू-गर्द सोडवा' अशी पाटी आहे. भावाला चहातून देता येईल का? तो डॉक्टरकडं येतच नाही. — नांदेड

उत्तर : नाही, नाही आणि नाही. पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. आणि त्यात नाल्ट्रेक्सोनसारखं काही असेल, भाऊ रोज गर्द घेत असेल, तर अर्ध्या तासात त्याला अशी टर्की लागेल की उलट्या-जुलाबानं ॲडमिट करावं लागेल, शिवाय घरच्यांवरचा विश्वास कायमचा उडेल ते वेगळंच. तो येत नाही तर तुम्ही या. एकट्या नातेवाइकाला भेटायला कुठलाही चांगला समुपदेशक तयार असतो. १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे, तिथूनच सुरुवात करा.

प्रश्न : मॅम, मी छत्रपती संभाजीनगरला एमएसडब्ल्यू करते. डेझर्टेशनला 'पेशंटची पार्श्वभूमी आणि हेरॉइनच्या उपचाराची निवड' असा विषय घेतलाय. गाईड सर म्हणतात वय, शिक्षण, उत्पन्न, जात, वैवाहिक स्थिती टाक आणि कोण कुठला उपचार घेतो त्याचं टेबल काढ. बरोबर आहे का?

उत्तर : टेबल काढ, पण 'निवड' हा शब्द लिहिण्याआधी थांब. पेशंटनं निवडलं का त्याला जे मिळालं ते घेतलं, इथंच सगळी गोम आहे.

अमेरिकेचं बघ. मेथाडोनचा उपचार न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर या जोडीनं १९६० च्या दशकात उभा केला, १९६५ ला त्यांचा पेपर आला. तो पसरला तो मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या खास क्लिनिकमधून, रोज रांगेत उभं राहायचं, नर्ससमोर प्यायचं, कामाला उशीर झाला तरी चालेल. ब्यूप्रेनॉर्फिनला तिथं २००२ ला मान्यता मिळाली आणि ते साध्या डॉक्टरच्या दवाखान्यातून घरी न्यायला मिळू लागलं, पण इन्शुरन्स किंवा रोख पैसे असणाऱ्याला. पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. २०१९ ला छापलेल्या एका अभ्यासात २०१२ ते २०१५ मधल्या डॉक्टर-भेटी तपासल्या, तर ज्या भेटीत ब्यूप्रेनॉर्फिन लिहून दिलं त्यात गोरे पेशंट काळ्यांपेक्षा जवळपास ३५ पट जास्त. आता याचं टेबल काढून 'गोऱ्यांची पसंती ब्यूप्रेनॉर्फिनला' असं लिहिलं तर आकडे बरोबर आणि निष्कर्ष साफ चूक.

आपल्याकडं गंमत वेगळी आहे. इथं उपचार कुठला मिळणार ते बरंचसं यावर ठरतं की तू गर्द ओढतोस का टोचतोस. नॅकोनं, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेनं, जी ओएसटी सेंटरं (सुईच्या नशेऐवजी तोंडानं घ्यायचं औषध देणारी) सुरू केली ती मुख्यतः इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी, कारण मुद्दा एचआयव्हीचा होता, सुई वाटून घेतल्यानं पसरतो म्हणून. तिथं ब्यूप्रेनॉर्फिन फुकट, पण सुरुवातीला रोज जाऊन समोर घ्यायचं. पन्नीवर ओढणाऱ्याला मग मानसोपचार विभाग, खाजगी डॉक्टर, सामाजिक न्याय खात्याच्या मदतीवर चालणारं नशामुक्ती केंद्र किंवा सरळ कोंडून ठेवणारी जागा. म्हणजे टेबलात एक रकाना 'घेण्याची पद्धत' हा आलाच पाहिजे, तो नसेल तर बाकीचे सगळे रकाने उगीच बोलतील.

अजून एक सापळा आहे. नाल्ट्रेक्सोनवर डॉक्टर, मोठ्या पदावरचे लोक छान टिकतात असं १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसलंय. का टिकतात? औषध त्यांच्या अंगात वेगळं काम करतं म्हणून थोडंच. लायसन्स जाईल, नोकरी जाईल, बायको रोज बघते, गमवायला भरपूर आहे म्हणून. मग कुणी म्हणेल 'सुशिक्षितांना नाल्ट्रेक्सोन चालतं', आणि मोंढ्यातल्या हमालाला कुणी विचारणारच नाही की बाबा तुझ्या घरी गोळी द्यायला कुणी आहे का. त्याची म्हातारी आई कदाचित इंजिनिअरच्या रूममेटपेक्षा शंभर टक्के जास्त कडक असेल! पार्श्वभूमी म्हणजे नुसतं शिक्षण-उत्पन्न नाही, घरात किल्ली कुणाकडं असते हेही त्यातच येतं.

माझं ऐकशील तर मुलाखतीत हे विचार : सेंटरला पहिल्यांदा कुणी आणलं, स्वतः आला, घरच्यांनी, का पोलिसांनी? किती उपचार आहेत असं त्याला सांगितलं होतं, का एकच पुढं ठेवला? घर ते सेंटर किती किलोमीटर आणि रोज जायचं म्हटलं तर किती रोजगार बुडतो? पैसे कुणी भरले? आधी काय-काय करून झालंय, देवऋषी, माळ, शपथ, सगळं लिही, हसू नको. आणि डॉक्टरांना वेगळं विचार की 'हा पेशंट टिकणार नाही' असं तुम्ही कशावरून ठरवता. तिथं कपड्यावरून, बोलीवरून ठरवलेलं बरंच काही बाहेर येईल. जात टाक, नक्की टाक, पण पेशंटला फॉर्मच्या पहिल्याच ओळीत विचारू नको.

आणि एम्सच्या राष्ट्रीय केंद्रानं केलेला २०१९ चा व्यसनांचा सर्व्हे वाच. देशात अफूजन्य पदार्थ घेणारे २.०६ टक्के आणि त्यात सगळ्यात जास्त हेरॉइनवाले, १.१४ टक्के, असा अंदाज त्यात आहे. सर्व्हे मोठा आहे, पण तुझ्या आठ जिल्ह्यांचं चित्र तुला सेंटरवर बसूनच काढावं लागेल.

प्रश्न : माझे मालक ट्रकवर आहेत, उसाच्या सीझनला कारखान्यावर असतात, बाकी लांबच्या ट्रिपा. पावडर ओढतात. मागच्या महिन्यात टीबीचं औषध पण चालू झालंय. दवाखान्यात गेलं की पोलीस केस करतात म्हणून येत नाहीत. — बीड जिल्हा

उत्तर : ताई, केसची भीती सगळ्यांनाच असते. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, कलम ६४ अ आहे : जो नुसता व्यसनी आहे, विकत नाही, आणि थोड्या मालासाठी किंवा सेवनासाठी पकडला गेलाय, तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. आणि नुसतं दवाखान्यात गेल्यानं डॉक्टर पोलिसांना फोन करत नसतो.

टीबीचं मात्र पहिल्या भेटीतच सांगायचं. ज्या गोळीनं लघवी लाल होते ती रिफाम्पिसिन, तिच्यामुळं मेथाडोनचा असर झपाट्यानं उतरतो, ब्यूप्रेनॉर्फिनचाही कमी होऊ शकतो. मग माणूस म्हणतो औषध लागत नाही, पुन्हा पुडीकडं जातो, आणि घरचे म्हणतात याला सुधरायचंच नाही. डोस ॲडजस्ट करता येतो, टीबीचं औषध मात्र बंद करायचं नाही.

रोज सेंटरला जाऊन गोळी घेणं ट्रकवाल्याला जमणार नाही हे मला कळतंय. डॉक्टरला सरळ सांगा की हे महिन्यातले इतके दिवस बाहेर असतात. सुरुवातीचे दिवस सुट्टी काढून जवळ थांबावं लागेल, त्या काळात गाडी चालवायची नाही कारण डोस बसेपर्यंत झोप येऊ शकते. नंतर काही दिवसांच्या गोळ्या सोबत देता येतात का ते विचारा, सेंटरच्या नियमावर आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यातच हे उरकून घ्या, दिवाळीनंतर तुम्हालाही वेळ मिळणार नाही.

प्रश्न : मी स्वतः घेते. वय २४. नवऱ्यामुळे लागलं. आता तिसरा महिना आहे. सासरी कुणालाच माहीत नाही. एकदम बंद करू का? — नाव-गाव नको

उत्तर : ताई, एकदम बंद करू नका. पोटात बाळ असताना अचानक टर्की लागली तर बाळाला त्रास होऊ शकतो, आणि आठवड्यानं पुन्हा घेतलं तर दुप्पट त्रास. गरोदरपणात जगभर ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर ठेवूनच बाळंतपण करतात. जन्मल्यावर बाळाला काही दिवस चिडचिड, थरथर होऊ शकते, त्यावर उपचार आहेत, ते निघून जातं. नाल्ट्रेक्सोन आत्ता सुरू करायचं नाही. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जा, संभाजीनगरचं घाटी असो नांदेड असो अंबाजोगाई असो, तिथं बाळंतपणाचा आणि मानसोपचाराचा विभाग एकाच आवारात असतो, सासरी 'तपासणीला चालले' एवढंच सांगून दोन्हीकडं जाता येतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्यांच्यावर बंधन आहे. नवराही घेत असेल तर त्याचाही उपचार सोबत सुरू व्हायला हवा, नाहीतर घरात पुडी येतच राहील. १४४१६ टेलिमानसवर, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, रात्रीही फोन लागतो.

प्रश्न : एक नशा सोडून दुसरी नशा, हा कुठला उपचार? आमच्या ओळखीच्या सेंटरला साखळीनं बांधून का होईना, पूर्ण बंद करतात. — निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, साखळी बेकायदा आहे, कलम ९५, कायदा तोच २०१७ चा. त्या सेंटरकडं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का ते विचारून बघा, आणि आत गेलेल्यांपैकी वर्षभरानं किती जण जिवंत आणि बंद आहेत तेही.

गोळीवर माणूस कामाला जातो, चोरी करत नाही, सुई वाटून घेत नाही, आणि मरायचं प्रमाण बरंच खाली येतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. याला तुम्ही नशा म्हणा, माझी हरकत नाही. औषधाशिवाय राहायचंच असं ज्यानं स्वतः ठरवलंय, त्याला पुण्याच्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी, जे १९८६ पासून चालू आहे, समुपदेशन आणि गटाच्या आधारानं सोडलेले लोक भेटतील, तोही रस्ता आहे आणि काहींना तोच मानवतो. पण ते त्या माणसानं ठरवायचं, आणि पहिला रस्ता जमला नाही तर दुसरा उघडा ठेवून. गोळी किती वर्षं, असंही तुमच्या मेसेजच्या शेवटी विचारलंय. काहींना वर्षभर, काहींना अनेक वर्षं. कमी करायची तर डॉक्टरसोबत, हळूहळू, आणि घरात लग्न, बाळंतपण, भावकीचं भांडण असलं काही चालू नसताना.